विषमता कमी करायची म्हणजे काय करायचे?

प्रश्न : गरिबांचे उत्पन्न वाढत असेल, तर श्रीमंतांचे त्याहून अधिक वाढल्याने बिघडते कुठे? दारिद्र्य हटवणे पुरेसे नाही का?

पुरेसे नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या १७ शाश्वत विकास उद्दिष्टांत दारिद्र्यनिर्मूलन पहिले आहे आणि विषमता कमी करणे हे दहावे, स्वतंत्र उद्दिष्ट आहे. राहती जागा, जमीन, चांगले शिक्षण यांसारख्या मर्यादित गोष्टींचे भाव ज्यांच्या हाती अधिक पैसा आहे तेच चढवतात; त्यामुळे पगार वाढूनही घर आवाक्याबाहेरच राहते, असा अनुभव कष्टकऱ्यांच्या वाट्याला येतो. शिवाय संपत्तीबरोबर कायदे आणि करधोरण आपल्याकडे वळवण्याची ताकदही येते, आणि ही बाब मला अधिक गंभीर वाटते.

तळच्या ४० टक्के लोकांचे उत्पन्न राष्ट्रीय सरासरीपेक्षा अधिक वेगाने वाढावे, ही या उद्दिष्टाची पहिली कसोटी आहे. ती योग्य असली तरी तोकडी आहे. एकाचे उत्पन्न १०० आणि दुसऱ्याचे १,००० आहे असे धरा. पहिल्याचे दरवर्षी ५ टक्क्यांनी आणि दुसऱ्याचे ३ टक्क्यांनी वाढत राहिले, तरी दोघे बरोबरीला येण्यास सुमारे १२० वर्षे लागतील. संपत्तीची स्थिती तर याहून वाईट आहे : २०२२ च्या जागतिक विषमता अहवालानुसार जगातील वरच्या १० टक्के लोकांकडे एकूण संपत्तीचा ७६ टक्के हिस्सा आहे, तर खालच्या निम्म्या लोकसंख्येकडे जेमतेम २ टक्के. संपत्ती वारशाने पुढच्या पिढीकडे जात असल्यामुळे केवळ वेतनवाढीने ही दरी बुजणार नाही; वारसा आणि भांडवली नफा यांवरील करांचा विचार टाळून चालणार नाही.

तळच्या लोकांचे उत्पन्न वाढवण्याचे प्रयत्न मात्र निष्फळ ठरत नाहीत. ब्राझीलने २००३ मध्ये सुरू केलेल्या ‘बोल्सा फामिलिया’ योजनेत मुलांची शाळेतील हजेरी आणि लसीकरण या अटींवर गरीब कुटुंबांना थेट रोख रक्कम दिली. तिच्या जोडीला किमान वेतनही वाढवले गेले, आणि त्या दशकात तेथील उत्पन्नातील विषमता स्पष्टपणे घटली.

प्रश्न : देशादेशांमधील विषमता आर्थिक मदतीखेरीज कमी होऊ शकते का?

होऊ शकते, कारण ती बऱ्याच अंशी नियमांतून निर्माण होते. अडचणीतील देशांना कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत महत्त्वाच्या निर्णयांसाठी ८५ टक्के मते लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे १५ टक्क्यांहून अधिक मते असल्यामुळे तिला नको असलेला असा निर्णय होऊच शकत नाही. महासाथीच्या काळात, ऑगस्ट २०२१ मध्ये, नाणेनिधीने सदस्य देशांना ६५० अब्ज डॉलरचे विशेष आहरण अधिकार (म्हणजे गरजेला डॉलर, युरोसारख्या चलनांत बदलून घेता येणारी राखीव मत्ता) दिले, पण वाटप गरजेनुसार न होता, प्रामुख्याने अर्थव्यवस्थेच्या आकारावरून ठरणाऱ्या कोट्यानुसार झाल्याने संपूर्ण आफ्रिका खंडाच्या वाट्याला सुमारे ३३ अब्ज डॉलरच आले.

घरी पैसे पाठवण्याबाबतचे नियम तर थेट मजुरांच्या खिशाला भिडतात. परदेशात राबणाऱ्याने घरी २०० डॉलर पाठवले आणि त्यावर ६ टक्के खर्च आला, तर दरवेळी १२ डॉलर, म्हणजे दरमहा पाठवणाऱ्याचे वर्षाला १४४ डॉलर, वाटेतच जातात. यातला काही भाग शुल्क म्हणून दिसतो, उरलेला विनिमय दरात दडवलेला असतो आणि पाठवणाऱ्याच्या तो लक्षातही येत नाही. हा खर्च २०३० पर्यंत ३ टक्क्यांखाली आणावा, असे दहाव्या उद्दिष्टातच नमूद आहे. ते साधल्यास त्याच कुटुंबाचे वर्षाकाठी किमान ७२ डॉलर वाचतील, तेही कोणापुढे हात न पसरता. त्यासाठी दोन गोष्टी आजही सरकारांच्या हाती आहेत : पैसे पाठवण्यापूर्वीच शुल्क आणि विनिमय दर मिळून होणारा एकूण खर्च सांगणे कंपन्यांना बंधनकारक करणे, आणि एखाद्या कंपनीने टपाल खात्याशी किंवा बँकेशी करार करून प्रतिस्पर्ध्यांना दूर ठेवण्याच्या प्रथेवर बंदी घालणे.