नेर्विओस म्हणजे ‘जरा नर्व्हस’ नाही : वाचकांचे प्रश्न

टेक्सासमधल्या माझ्या ओपीडीबद्दल मागे लिहिलं होतं, तिथले निम्म्याहून जास्त पेशंट स्पॅनिश बोलणारे आहेत. तेव्हापासून स्पॅनिश बोलणारे लोक मनाच्या त्रासाला काय म्हणतात आणि त्यावर काय करतात, याबद्दलचा गोंधळ इनबॉक्समध्ये वेगवेगळ्या रूपात येतोय, म्हणून एकदाच बसून उत्तरं देते. मेसेजवर कुणाचं निदान करणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

पुण्यात स्पॅनिश शिकतेय. आमच्या नोट्समध्ये ‘आताके दे नेर्विओस’चा अर्थ पॅनिक अटॅक असा दिलाय. बरोबर आहे का?

नाही. शब्दशः अर्थ ‘नर्व्ह्जचा झटका’. पॅनिक अटॅक पुष्कळदा काही कारण नसताना येतो आणि त्यात ‘आता मी मरणार’ ही भीती मुख्य असते. आताके बहुतेक वेळा घरातल्या कशानेतरी होतो, मयताची बातमी, भांडण, अपघात, आणि बऱ्याचदा चार माणसांसमोर. किंचाळणं, हमसून रडणं, थरथर, छातीतून डोक्याकडे चढत जाणारी गरमी, कधी शुद्ध जाते आणि नंतर काही आठवत नाही. आपल्याकडे मयताच्या घरी एखाद्या बाईची दातखीळ बसते आणि कोणीतरी कांदा फोडून नाकाशी धरतं, ते डोळ्यासमोर आणा. सेम नाही, पण पॅनिक अटॅकपेक्षा जवळचं.

१९५० च्या दशकात अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी हे प्वेर्तो रिकन सैनिकांमध्ये पाहिलं आणि सरळ ‘प्वेर्तो रिकन सिंड्रोम’ नाव ठेवून मोकळे झाले, जणू अख्खं बेटच आजारी. १९८५ च्या पूर आणि दरडींनंतर तिथे पाहणी झाली तेव्हा सुमारे १६ टक्के लोकांनी आपल्याला आताके येऊन गेल्याचं सांगितलं. एवढे सगळे काही मनोरुग्ण नव्हते. पण त्यांच्यात डिप्रेशन आणि अँग्झायटीचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त निघालं, हेही खरं. तेव्हा ‘त्यांच्यात चालतंच हे’ म्हणून सोडून देऊ नका. वारंवार होत असेल तर डॉक्टरकडे न्या. फिट्सची शंका असेल तर आधी न्यूरॉलॉजिस्ट.

नागपूरला सायकियाट्रीत रेसिडेंट आहे. लॅटिन अमेरिकेची स्वतःची वेगळी निदान-पद्धत आहे असं सिनिअर म्हणाले. मग ते डीएसएम मानत नाहीत का?

मानतात की. (डीएसएम म्हणजे अमेरिकन सायकियाट्रिस्ट लोकांचं निदानाचं पुस्तक.) सिनिअरचं अर्धं बरोबर आहे. लॅटिन अमेरिकेच्या सायकियाट्रिस्ट लोकांच्या संघटनेने, म्हणजे आपालने, २००४ मध्ये स्वतःची निदान-मार्गदर्शिका काढली, २०१२ मध्ये सुधारली. सांगाडा आयसीडी-१० चाच, म्हणजे डब्ल्यूएचओच्या आजारांच्या यादीचा, वर आपल्या टिपा, तिथले लोक वापरतात ते आजारांचे शब्द, आणि पेशंटची स्वतःची गोष्ट लिहायला जागा. क्युबाने तर त्याच्या कितीतरी आधी मानसिक आजारांचा स्वतःचा ग्लॉसरी काढला होता. पेरूचे रेनातो अलार्कोन लॅटिन अमेरिकन सायकियाट्रीला ‘मेस्तिसा’ म्हणतात, मिश्र रक्ताची. युरोपातनं ग्रंथ आले, नंतर अमेरिकेतनं डीएसएम आणि गोळ्या आल्या, आणि लिमामध्ये कार्लोस आल्बेर्तो सेगीनसारखा माणूस गावातल्या वैदूंचा, कुरांदेरोंचा, अभ्यास करत बसला. हे सगळं एकाच घरात नांदतंय, भांड्याला भांडं लागतंच. परीक्षेत मात्र डीएसएम आणि आयसीडीच लिहा.

ब्वेनोस आयरेसला ऑफिसच्या कामाने आलोय, इथे जो तो थेरपिस्टकडे जातो. एवढे लोक आजारी आहेत?

नाहीत. तिथे सायकोअ‍ॅनालिस्टकडे, म्हणजे फ्रॉइडच्या पद्धतीने बोलण्यातून उपचार करणाऱ्याकडे, जाणं हे आपल्याकडे सीएकडे जाण्याइतकं नॉर्मल आहे. १९४२ मध्ये तिथे सायकोअ‍ॅनालिसिसची संस्था उभी राहिली, उभी करणाऱ्यांत स्पेनहून आलेले आन्खेल गार्मा होते, व्हिएन्नाहून निसटलेल्या मारी लांगर होत्या, आणि पिशॉन-रिव्हिएर, जन्म जिनिव्हाचा, लहानपण चाको भागात, घरी फ्रेंच, आजूबाजूला ग्वारानी आणि स्पॅनिश तिसरी. ग्लोबलायझेशन हा शब्द रुळायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. पालेर्मोमधल्या एका भागाला लोक ‘विया फ्रॉइड’ म्हणतात, वेळ मिळाला तर चक्कर मारून या.

मेक्सिकोत ग्वादालाहाराला आयटीत आहे. घरमालकीण काकूंचा नातू एका अपघातानंतर झोपत नाही, जेवत नाही. त्या म्हणतात त्याला ‘सुस्तो’ झालाय, अंड्याने उतरवून घेणार. मी मध्ये बोलू का?

अंड्याला काही बोलू नका. सुस्तो म्हणजे दचकल्यामुळे जीव अंगातून निघून गेला अशी समजूत. आपल्या घरी पोर दचकलं की मीठ-मोहऱ्या उतरवायचे, तेव्हा आपणही गप्पच बसायचो ना? उतरवलं तर कुणाचं बिघडत नाही, पोराजवळ चार माणसं बसतात हेही चांगलंच. दोन गोष्टी मात्र सांगा. एक, दोन आठवडे होऊन गेले तरी झोप-जेवण नसेल तर मुलांच्या डॉक्टरकडे न्यायचंच, उतरवणं आणि डॉक्टर दोन्ही चालतं. दुसरं, पोटात घ्यायची कुठलीही पिवळी किंवा नारिंगी पावडर देऊ नका. ग्रेता आणि आसारकोन नावाने पोट साफ करायला देतात त्यात शिसं असतं, शिसं! यावर मी कुणाशी वाद घालत नाही.

माद्रिदला असतो. झोपेसाठी लोराझेपाम चार महिने घेतोय, एकदम बंद करू?

एकदम अजिबात नाही. ज्यांनी दिली त्यांच्याकडूनच हळूहळू कमी करून घ्या. आणि ऑफिसात सगळेच घेतात हे कारण मला देऊ नका, स्पेन या गोळ्या खाण्यात जगात पुढच्या रांगेत आहे म्हणून त्या बडीशेप होत नाहीत.

डॅलसला डेंटल क्लिनिकच्या फ्रंट डेस्कला आहे. स्पॅनिश पेशंटबरोबर मुलं येतात आणि छान इंग्लिश बोलतात, आम्ही त्यांच्याकडूनच विचारून घेतो. चालतं ना?

नाही चालत, आणि इथे मी जरा लांबण लावणार आहे.

माझ्याकडे एक आई आली होती, सोबत अकरा वर्षांचा मुलगा. इंटरप्रिटर फोनवर यायला वेळ लागत होता आणि मीच घाई केली, म्हटलं पोराला विचारते. आई तीन-चार मिनिटं बोलली, मध्ये रडली, हात छातीवर ठेवला. पोरगा खाली बुटाच्या नाडीकडे बघत म्हणाला, “शी सेज शी इज टायर्ड.” नंतर इंटरप्रिटर आला तेव्हा कळलं की ती जीव नकोसा झालाय असं सांगत होती. पोराला सगळं समजलं होतं, तोंडातून काढवलं नाही. ते त्याच्याकडून मागितलं ही चूक माझी.

अमेरिकेत २०१६ पासून नियमच आहे, इमर्जन्सी सोडून लहान मुलांना दुभाषी म्हणून वापरायचं नाही. मोठी माणसंही चुकतात. फ्लोरिडात १९८० मध्ये एका १८ वर्षांच्या मुलाला बेशुद्ध आणलं, घरचे म्हणाले ‘इंतोक्सिकादो’, त्यांच्या क्युबन बोलीत म्हणजे काहीतरी खाण्यातून बाधलंय. डॉक्टरांनी ऐकलं इंटॉक्सिकेटेड, ड्रग्जचा ओव्हरडोस समजून बसले. होता मेंदूतला रक्तस्राव. मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले. एक शब्द, तोही ओळखीचा वाटणारा!

मग मानसिक आजारात काय होत असेल, जिथे एक्स-रे नाही, रक्ताचा रिपोर्ट नाही, सगळी भिस्त माणूस काय बोलतो यावर. डीएसएम-५ मध्ये २०१३ ला सोळा प्रश्नांची मुलाखत घातली, तुमच्या घरच्यांना तुम्ही हा त्रास कसा सांगाल, अशा प्रश्नांची, त्याच्या चाचण्या पेरूत झाल्या तशा आपल्या पुण्यातही. प्रश्न चांगले आहेत, पण ते अकरा वर्षांच्या पोरातून विचारले तर काय उपयोग? क्लिनिकच्या मॅनेजरला आजच सांगा, फोनवरच्या इंटरप्रिटर सर्व्हिसचं काँट्रॅक्ट करा म्हणावं, आणि लेखी सांगा.

स्पॅनिश येतं म्हणून ‘बायोदेस्कोदिफिकासिओन’चा तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स बघतेय. प्रत्येक आजारामागे दबलेली भावना असते आणि ती ओळखली की आजार जातो म्हणे. सर्टिफिकेट मिळतं. करू का?

नको. फी भरली असेल तर परत मागा. आणि कुणी कॅन्सरचा पेशंट तुम्हाला त्याबद्दल विचारत असेल तर त्याला उद्याच ऑन्कॉलॉजिस्टकडे पाठवा.