डॅलसमध्ये दोन कुटुंबांसाठी जुनी वेक-सर्फ बोट (जिच्या मागे उठणाऱ्या लाटेवर सर्फिंग करतात) घ्यायची आहे. काय बघून घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की दोन कुटुंबं मिळून घेणार, मुलं आठ ते चौदा वयाची, बजेट ४०,००० डॉलर. समोर दोन बोटी आहेत: दोर बांधायचा टॉवर लावलेली चकचकीत स्टर्नड्राइव्ह आणि त्याच किमतीची, दिसायला जुनाट व्ही-ड्राइव्ह.

पहिली सोडून द्या. वेकबोर्डिंगला दोर लांब असतो, तिथे ती चालेल. सर्फिंगला मात्र पोरगं बोटीला अगदी लागून, दोर सोडून लाटेवर असतं आणि स्टर्नड्राइव्हचा प्रॉपेलर (बोट ढकलणारा पंखा) मागच्या काठाबाहेर फिरत असतो. व्ही-ड्राइव्हचा तळाखाली, बराच पुढे असतो. प्रॉपेलर पुढे तोंड करून बसवलेला व्होल्वो पेंटाचा फॉरवर्ड ड्राइव्ह हा अपवाद, पण तो असता तर विकणाऱ्याने जाहिरातीत आधी तेच लिहिलं असतं.

सर्फ सिस्टिमच्या, म्हणजे बटणाने लाट हव्या त्या बाजूला आणणाऱ्या यंत्रणेच्या, मागे फार लागू नका. मालिबू कंपनीचं सर्फ गेट २०१३च्या मॉडेलांपासून आलं. त्याआधी लोक एका बाजूला पाण्याच्या पिशव्या भरून बोट कलती करायचे, आणि लाट छान यायची. अडचण एकच: डावा पाय पुढे ठेवणाऱ्याला डावीकडची लाट लागते, उजवा ठेवणाऱ्याला उजवीकडची. म्हणजे दर वेळी पाणी इकडचं तिकडे, आणि मुलं कंटाळतात. बजेटात सिस्टिमवाली बोट मिळाली तर उत्तम, पण तिच्यासाठी इंजिनाशी तडजोड करू नका.

खरी परीक्षा इंजिनाचीच. मीटरवरचे तास बघून भुलू नका. नियमित चाललेली, दरवर्षी तेल आणि पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (आतला रबरी पंखा) बदललेली ५०० तासांची बोट मी डोळे झाकून घेईन. वर्षानुवर्षं गोठ्यात बांधल्यासारखी उभी असलेली २०० तासांची नाही. आपल्याकडे एक जादा प्रश्न विचाराच: फेब्रुवारी २०२१च्या गारठ्यात बोट कुठे होती? यातली बरीच इंजिनं तलावाच्याच पाण्याने थंड होतात. ते पाणी काढलं नसेल तर गोठून ब्लॉकला तडा जातो, आणि टेक्ससमध्ये हिवाळ्याची तयारी करायची सवय फारशी कुणाला नाही. तेलाची कांडी काढून बघा. तेल दुधाळ दिसलं, म्हणजे त्यात पाणी शिरलंय, तर चहा पिऊन परत या. नाहीतर मरीन मेकॅनिककडून कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधल्या दाबाची तपासणी) करून घ्या.

चाचणीला जाताना विकणाऱ्याला सांगा, इंजिन आधी गरम करून ठेवू नका. तलावात सगळ्या बॅलास्ट टाक्या (लाट मोठी व्हावी म्हणून पाणी भरायच्या) भरायला आणि पूर्ण रिकाम्या करायला लावा, पंप तेव्हाच उघडे पडतात. ही सवय पुढेही लागेल: ल्यूइसव्हिल आणि टेक्सोमा तलावांत झेब्रा शिंपले आहेत, ते बोटीतल्या पाण्यातून दुसरीकडे पसरतात, त्यामुळे निघताना बोटीतलं सगळं पाणी काढणं कायद्याने सक्तीचं आहे.

गाडीचा विचार केलाय का? २२ फुटी बोट, ट्रेलर आणि पेट्रोल धरून सहज ५,५०० पाउंड होतात. टोयोटाची २०२१च्या आधीची सिएना ओढते ३,५००, नंतरची हायब्रिड फक्त १,५००, हायलँडर फार तर ५,०००. ट्रक नसेल तर मरीनात जागा भाड्याने घ्या आणि ते पैसे ४०,००० मधूनच बाजूला काढा.

भागीदारीचं म्हणाल तर भागीचं घोडं किवणानं मेलं, हे अमेरिकेतही खरं आहे. सर्व्हिस कोण करून आणणार, इम्पेलरचे पैसे कोण देणार, हे आत्ताच कागदावर लिहा. विम्यात दोघांचीही नावं हवीत.

इंजिन चालू असताना मागच्या प्लॅटफॉर्मवर कुणालाही बसू देऊ नका. एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड तिथेच साठतो. बोट चालू असताना तेरा वर्षांखालच्या मुलांच्या अंगात लाइफ जॅकेट हवंच, तसा राज्याचा नियम आहे.

बोटीचं टायटल टेक्सस पार्क्स अँड वाइल्डलाइफकडे बदलतं, ट्रेलरचं काउंटीच्या टॅक्स ऑफिसात. विकणाऱ्याकडे ट्रेलरचं टायटल बऱ्याचदा सापडत नाही. दोन्ही हातात पडेपर्यंत चेक देऊ नका.