मनमोकळं: डॉक्टर तिसरा, गोळी दुसरी, आणि मी तिथंच

प्रश्न: ताई, वय ३४, माहेर पेडण्याला, सासर फोंड्याला, वेर्ण्याला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. गेली दोन वर्षं काहीच करावंसं वाटत नाही, रविवारी तर अंथरुणातून उठवत नाही, आणि ऑफिसात फाइल उघडते ती दुपारपर्यंत तशीच. पण खरं सांगू, फाइल अर्धी सोडायची सवय लहानपणापासूनच आहे. गेल्या चतुर्थीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती फळांची आरास, बांधायचं मी अंगावर घेतलं, नारळ, सुपारीचे घोस, आंबाडे सगळं आणलं, स्टुलावर चढले तर दोरी नाही, दोरी शोधायला गेले ती कपाट आवरत बसले, शेवटी पहाटे तीनला सासऱ्यांनी बांधली आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडले. पहिल्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत डिप्रेशन म्हणून एस्सिटालोप्राम दिली, रडणं कमी झालं पण काम तिथंच. दुसरे म्हणाले एमकॉम झालीस मग एडीएचडी, म्हणजे लहानपणापासूनचा लक्ष न टिकण्याचा त्रास, कसला. तिसऱ्यांनी व्हिडिओ कॉलवर एडीएचडी आहे सांगितलं पण औषध लिहून दिलं नाही. घरचे म्हणतात मोबाईल कमी कर. योग्य डॉक्टर कोण, योग्य गोळी कुठली, सवय लागेल का, आणि ऑफिसात कळेल का?
नाव नको, फोंडा

उत्तर: बाय, मी डॉक्टर नव्हे, कौन्सेलिंगमध्ये केस पांढरे केले एवढंच, त्यामुळे गोळीचं नाव माझ्याकडून मिळणार नाही, पण गोळीपर्यंत पोचायची वाट सांगते.

आधी एक विचारते, रागावू नकोस. ती एस्सिटालोप्राम तू सलग किती दिवस घेतलीस? तुझ्यासारख्या दहाजणींना विचारलं तर आठजणी सांगतात की मध्ये विसरले, मग बरं वाटलं म्हणून सोडली, मग परत सुरू केली. या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि एकदम सोडल्या तर चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट गेल्यासारखं होतं, मग माणसाला वाटतं औषधच वाईट. तुझं रडणं कमी झालं म्हणजे गोळीने तिचं काम निदान अर्धं केलं. लक्ष लागणं हे तिचं कामच नव्हे, तिच्याकडून ते मागून उपयोग नाही.

दुसऱ्या डॉक्टरांचं मात्र मला पटलं नाही. डिग्री आहे म्हणून एडीएचडी नाही असं कुठेही लिहिलेलं नाही. हुशार मुली परीक्षेच्या आदल्या रात्री जागून, आईच्या ओरड्यावर, मैत्रिणीच्या वह्यांवर निभावून नेतात, आणि लग्न, नोकरी, मूल असं सगळं एकदम डोक्यावर आलं की तो टेकू सरकतो. मग वर्षानुवर्षं 'आळशी' ऐकून डिप्रेशनही येतं, दोन्ही एकत्र असणं अगदी कॉमन आहे.

दोन्हींतला फरक ओळखायची एक मोठी खूण म्हणजे वेळ. डिप्रेशनला बहुतेक वेळा सुरुवात सांगता येते, तू स्वतःच लिहिलंयस दोन वर्षं. एडीएचडीला अशी सुरुवात नसते, निदान करताना बाराव्या वर्षाआधी काही लक्षणं होती का हे बघावंच लागतं. म्हणून माझं मत विचारशील तर तुझ्यासाठी योग्य डॉक्टर तो, जो तुला चौथीतल्या तुझ्याबद्दल विचारेल. दप्तर हरवायचीस का, डबा बसमध्ये राहायचा का, बाई काय म्हणायच्या. जो फक्त आजचं विचारून पॅड ओढतो त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नकोस, मग त्याचे गुगलवर कितीही स्टार असोत.

आणि चांगला डॉक्टर आणखी एक गोष्ट विचारतो, ती विचारली नाही तर तू आपणहून सांग: कधी असे काही दिवस आले का की झोप नाही तरी अंगात प्रचंड जोर, बडबड, वारेमाप खर्च, आणि घरचे म्हणाले ही अशी नव्हती? तो बायपोलर, म्हणजे मन कधी फार वर तर कधी फार खाली जायचा आजार, असू शकतो आणि तिथे नुसती डिप्रेशनची गोळी उलटू शकते. थायरॉइड आणि बी-१२ची रक्ततपासणी झाली नसेल तर ती मागून घे, आणि नवरा सांगत असेल की तू जोरात घोरतेस, तर तेही सांग, झोप नीट नसली तरी माणूस असाच होतो. दारूचंही खरं सांग, गोव्यात आपण दोन बिअरला दारू धरत नाही, डॉक्टर धरतो.

कुठे जायचं? बांबोळीला आयपीएचबी आहे, म्हणजे मानसोपचाराचं सरकारी इस्पितळ, जीएमसीच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, जवळच. नाव काढलं की लोक आवाज खाली करतात, 'पिशांचें हॉस्पिटल', वेड्यांचं, म्हणून. गंमत बघ, पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाच्या पुतळ्यापुढे सगळे हौसेने फोटो काढतात, कांदोळीत १७५६ साली जन्मलेला हा आपला माणूस संमोहनासाठी जगभर नाव काढून गेला, आणि त्याच गोव्यात ओपीडीच्या लायनीत आपण ओढणी नाकापर्यंत ओढतो. सरकारी ठिकाणी गर्दी असते, डॉक्टर बदलू शकतो, पण पैशासाठी उपचार अडत नाहीत. खाजगीत गेलीस तर फोनवरच विचार, मोठ्यांचा एडीएचडी बघतात का आणि पहिल्या भेटीला वेळ किती देतात. एवढं विचारलेलं ज्याला खपत नाही तिथे जाऊच नकोस. आणि सायकॉलॉजिस्ट टेस्ट घेतो, थेरपी देतो, गोळी लिहीत नाही, गोळी सायकियाट्रिस्टची, हा घोळ पुष्कळांचा होतो.

तिसऱ्या डॉक्टरांनी औषध दिलं नाही त्यात त्यांची चूक नाही गं. एडीएचडीचं मुख्य औषध मिथाइलफेनिडेट, ते आपल्याकडे शेड्युल एक्समध्ये, म्हणजे कडक नियमांच्या औषधांच्या यादीत, येतं आणि २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांप्रमाणे व्हिडिओ कॉलवर लिहिताच येत नाही. दुकानदाराला त्यासाठी वेगळं लायसन लागतं, चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत तो दोन वर्षं ठेवतो. त्यामुळे गल्लीतल्या फार्मसीत ती मिळेलच असं नाही आणि तिथला पोरगा तुझ्याकडे चोरासारखं बघेल. केबिनमधून उठायच्या आधी डॉक्टरांनाच विचार कुठल्या दुकानात मिळते, आणि पाच गोळ्या उरल्या की आणायला जा, शेवटची संपल्यावर नव्हे. ज्या माणसाला तारखा लक्षात राहत नाहीत त्यालाच हे सगळं तारखेवर करायला लावतात, काय बोलणार.

ती गोळी त्याच दिवशी काम करते, डोस कमीपासून वाढवतात, भूक आणि झोप कमी होऊ शकते, आधी बीपी आणि नाडी बघतात. दुसरी अ‍ॅटोमॉक्सेटिन, तिला काही आठवडे लागतात, सुरुवातीला मळमळतं म्हणून खाऊन घेतलेली बरी. डिप्रेशनच्या काही गोळ्या, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन, ब्युप्रोपिऑन, या अ‍ॅटोमॉक्सेटिनचं रक्तातलं प्रमाण वाढवतात, म्हणून आधी काय काय घेतलंस ते सगळं नव्या डॉक्टरला कळायलाच हवं. डिप्रेशन आणि एडीएचडी दोन्हींत जे जास्त छळतंय त्यावर बहुतेक आधी उपचार करतात, तुझं रविवारी उठवत नाही हे ऐकून तुझ्या बाबतीत ते डिप्रेशन असेल असं मला वाटतं, पण ठरवणार ते. बाळाचा विचार असेल तर पहिल्याच भेटीत सांग. सवयीचं म्हणशील तर लिहून दिलेल्या डोसात, तपासणी चालू ठेवून घेतली तर बहुतेकांना व्यसन लागत नाही, दुसऱ्याची पट्टी मागून घेणं मात्र नको.

ऑफिसचं विसर. २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर कायद्याने डॉक्टरला तुझी माहिती गुप्त ठेवावी लागते, कंपनीला फोन करून कोणी सांगत नाही.

आता एक काम कर. एकच कागद घे, वही नको, वही तू हरवशील. वर गोळ्यांची नावं, किती मिलिग्रॅम, कधीपासून कधीपर्यंत, का सोडली. खाली शाळेतलं काय आठवतं ते, पेडण्याला आईला फोन करून विचार, प्रगतीपुस्तक असेल तर त्यावरचा बाईंचा शेरा. माटोळीची गोष्ट जशीच्या तशी लिही, टेस्टच्या आकड्यांपेक्षा डॉक्टरला तीच जास्त सांगेल. कागदाचा मोबाईलवर फोटो काढ आणि नवऱ्यालाही पाठव, आणि त्याला बरोबर ने, मोबाईल कमी कर म्हणणाऱ्याने एकदा केबिनमध्ये बसून ऐकलेलं बरं. आणि जगणं नको असं कधी वाटलं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नकोस, टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६ लाव, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

प्रश्न: मुलाला एडीएचडी सांगितला, डॉक्टर लक्षणं वाचत होते आणि बायको माझ्याकडे बघून हसत होती. वय ५१. आता या वयात मी दाखवू का?
एक बाप, डिचोली

उत्तर: भाऊ, हसण्याचं कारण आहे, हे घराण्यात उतरतं, आणि मुलाच्या निदानात बापाचं सापडणं आमच्या कामात नेहमीचंच. ५१ म्हणजे उशीर वगैरे काही नाही. त्रास होत असेल, कामं अडत असतील, घरात भांडणं होत असतील तरच दाखवा, नुसतं वर्णन जुळतं म्हणून नको. आणि बीपीची गोळी चालू असेल तर तिचं पाकीट खिशात घालून जा, 'ती पांढरी, बारीक' एवढ्यावर कुठला डॉक्टर ओळखत नाही.