पाहुण्यांपुढे आपला देश
प्रश्न : मुलाच्या कार्यालयातील जर्मन पाहुणे घरी जेवायला आले असता माझे यजमान तासभर रस्ते, लाच आणि कचरा यांविषयीच बोलत राहिले. परक्यांपुढे घरचे उणे काढावे का?

उत्तर : उणे काढण्यात गैर नाही, ते कशासाठी काढले, हे महत्त्वाचे. पंडिता रमाबाईंनी 1887 साली अमेरिकेत इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध करून उच्चवर्णीय हिंदू विधवांची दैना तेथील वाचकांपुढे मांडली, परंतु तेथून मिळालेल्या साहाय्याच्या बळावर 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन हे निवासी विद्यालयही उभे केले. आणि त्याच वर्षी मराठीत अमेरिकेचे वर्णन लिहिताना तेथील वर्णभेदावर बोट ठेवण्यासही त्या कचरल्या नाहीत. आपल्या यजमानांचे बोलणे मात्र, क्षमा असावी, ‘मी यांतला नव्हे’ हे पाहुण्यांना पटवण्यासाठी असावे, असे वाटते. (याउलट ‘सारे शोध आमच्याकडेच लागले’ असे सांगणारेही तितकेच कंटाळवाणे.) पुढील खेपेस पानातल्या पुरणपोळीवर तूप वाढताना पाहुण्यांनाच विचारावे की, त्यांच्या गावी कचरा कसा उचलतात, मग आपल्या गल्लीतील घंटागाडीची गोष्ट, तिच्या उशिरासकट, खुशाल सांगावी.