आजीच्या खाटेशेजारी मारलेल्या रेघा

लातूर जिल्ह्यातून एका वडिलांचं चार पानी पत्र आलं आहे. मुलीला ‘नीट’मध्ये पहिल्या वर्षी ३८६ आणि ड्रॉप घेतल्यावर ४३१ गुण मिळाले. तिसऱ्या प्रयत्नासाठी मोबाइलबंदी असलेलं हॉस्टेल ठरवलंय. मुलगी मात्र म्हणते, हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरमध्ये औषधांबद्दल ज्या धोक्याच्या सूचना येतात, त्या नीट कशा असाव्यात यावर मला काम करायचंय. वडील विचारतात, ‘असलं काही करिअर असतं का? औषध चुकलं की कॉम्प्युटरने ओरडायचं, त्यात शिकण्यासारखं काय आहे? की सरळ कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला टाकू?’

नमस्कार.

तुमच्या पत्रात ‘आम्ही’ फार आहे. ‘आम्ही ड्रॉप घेतला’, ‘आम्हाला ४३१ पडले’, ‘आम्ही फिजिक्समध्ये कमी पडतो’. पेपर तुम्ही दिला नव्हता, दादा. आणि सही झाल्यावर खाली ता. क. म्हणून एक ओळ: ‘हल्ली एकच वेळ जेवते, रात्री दोन-तीनला जागीच असते, पण ते परीक्षेचं टेन्शन.’ चार पानं गुणांवर आणि हे ता. क. मध्ये! मी पत्र तिथूनच वाचायला घेतलं. हॉस्टेलचा ॲडव्हान्स भरू नका. या आठवड्यात तिला तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या, त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं तर दचकू नका, नातेवाइकांना काय सांगायचं हा विचारही करू नका. जेवण आणि झोप उडालेल्या पोरीचा मोबाइल काढून घेणं याला शिस्त म्हणत नाहीत.

आता तुमच्या तक्रारीकडे येतो. तुमच्या आई पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात होत्या, तेव्हा ही ‘आजीजवळ बसायचं सोडून’ ड्यूटीवरच्या डॉक्टरबाईंच्या स्क्रीनकडे बघत होती आणि वहीत रेघा मारत होती. एका संध्याकाळी सूचनेच्या ४१ खिडक्या उघडल्या, थांबून वाचली गेली एक. बाकीच्यांवर न बघता क्लिक. हे तुम्ही तिचं लक्ष अभ्यासात नसल्याचा पुरावा म्हणून लिहिलंत. मला अख्ख्या पत्रात हीच गोष्ट सर्वांत दमदार वाटली. हे मोजायला तिला कुणी सांगितलं नव्हतं.

‘कॉम्प्युटरने ओरडायचं’ या तुमच्या समजुतीबद्दल एक खरी घटना सांगतो. २०१३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात १६ वर्षांच्या मुलाला एक गोळी द्यायची होती, आपल्याकडे सेप्ट्रान म्हणून ओळखतात तीच. डॉक्टरने रकान्यात १६० टाकले. डॉक्टरच्या मनात १६० मिलिग्रॅम, म्हणजे एकच गोळी होती, रकाना मात्र ‘दर किलो वजनामागे मिलिग्रॅम’ यावर होता. मुलाचं वजन ३८.६ किलो. कॉम्प्युटरने इमानदारीने गुणाकार केला आणि साडेअडतीस गोळ्यांची ऑर्डर तयार झाली. कॉम्प्युटर ओरडला का? ओरडला की! डॉक्टरलाही सूचना गेली, फार्मासिस्टलाही. पण मात्रा किंचित वाढली तरी जशी खिडकी उघडायची, तशीच ती एकोणचाळीस पट वाढल्यावरही उघडली. दिवसभर असल्या खिडक्या मिटवणाऱ्या बोटांनी तीही मिटवली. रोबोटने गोळ्या मोजून भरल्या. नर्सला शंका आली होती, पण बारकोडने ‘बरोबर’ म्हटलं. मुलाला झटके आले, सुदैवाने तो वाचला. तिथल्याच डॉ. रॉबर्ट वॉक्टर यांनी पुढे हे सगळं सविस्तर लिहिलं. आणि हे अपवादाने घडलेलं नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, वेगवेगळ्या अभ्यासांत औषधांच्या ४९ ते ९६ टक्के सूचना डॉक्टरांनी डावलल्याचं आढळलं होतं. म्हणजे ओरडायला लावणं सोपं, कुठे गप्प बसायचं ते ठरवणं अवघड. मेथोट्रेक्सेट या औषधाचं उदाहरण बघा. संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं, चुकून रोज गेलं तर जीव जाऊ शकतो. औषधांतल्या चुका टाळण्यासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या आयएसएमपी या संस्थेची शिफारस अशी की सॉफ्टवेअरमध्ये ते मुळातच ‘आठवड्यातून एकदा’ असं भरलेलं यावं, आणि कुणी ‘रोज’ केलं तर कारण विचारल्याशिवाय पुढे सरकू देऊ नये. बाकी शंभर बारीकसारीक सूचना बाजूला गुपचूप दिसल्या तरी चालतात. कुठली कुठे टाकायची, हे ठरवायला औषधंही कळावी लागतात आणि रात्रपाळीतला थकलेला माणूसही.

म्हणून इंजिनिअरिंगचा आग्रह सोडा. तिने बारावीला गणित घेतलेलं नाही, आणि कोड लिहिणारे या कामात मिळतात. औषध जाणून स्क्रीनकडे बघणारे कमी. जीवशास्त्रावर एमएचटी-सीईटीतून बी.फार्म. किंवा सहा वर्षांचं फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) होतं. फार्म.डी.त शेवटचं वर्ष इंटर्नशिप असते, वॉर्डात राउंडला जावं लागतं, मी तिला तिकडेच ढकलेन. पुढे वाटलंच तर सीईईडी ही डिझाइनची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात इंटरॲक्शन डिझाइन, म्हणजे माणूस आणि स्क्रीन यांचं जमवायचं कसं, ते शिकता येतं. आरोग्य नोंदींच्या मानकांचं राष्ट्रीय केंद्र पुण्यातल्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेतच आहे, तिथे काय चालतं ते तिने आत्ताच वाचायला घ्यावं. मात्र या नावाच्या नोकरीच्या जाहिराती रोज पेपरात येत नाहीत. हॉस्पिटलचा क्लिनिकल फार्मसी विभाग किंवा हॉस्पिटल सॉफ्टवेअरच्या कंपन्या, असं आडवळणाने शिरावं लागेल. दोन वर्षांनी ती दुसरंच काही म्हणाली, तरी फार्मसीची पदवी वाया जात नाही.

‘फार्मसी केली तर लोक मेडिकलवाली म्हणतील,’ असं लिहिलंय तुम्ही. तुमच्या बीपीच्या गोळ्या कोण काढून देतं? त्याच्या तोंडावर म्हणून बघा एकदा.

पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि ते आधी वाचायला मागू नका. मला तिला एकच विचारायचं आहे: त्या डॉक्टरबाईंनी थांबून वाचली, ती खिडकी कशाची होती?