अमेरिकेत कोरोनाकाळात मास्क आणि लस यांचा पक्षाशी संबंध कसा जुळला? नेत्याने सांगितलं की समर्थक ऐकतात, एवढंच का?

एवढंच नाही. सुरुवात मात्र वरूनच झाली. 3 एप्रिल 2020 रोजी सीडीसीने (अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था) कापडी मास्कची शिफारस केली. ती जाहीर करतानाच तेव्हाचे रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष ट्रम्प म्हणाले, मी काही घालणार नाही. कॅमेऱ्यासमोर ते मास्क लावून दिसले थेट 11 जुलैला, वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात. तोवर मास्क हा पक्षाचा बिल्ला झाला होता. मोबाइलच्या लोकेशनवरून झालेल्या अभ्यासांतही रिपब्लिकन भागांत लोकांनी फिरणं कमी प्रमाणात घटवल्याचं दिसलं.

खरी गंमत लसीची. ती झपाट्याने आणण्याची योजना ट्रम्प सरकारचीच. तेव्हा साशंक सूर डेमोक्रॅट्सचा होता: डॉक्टरांनी सांगितलं तर घेईन, ट्रम्पनी सांगितलं तर नाही, असं डेमोक्रॅट्सच्या उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार कमला हॅरिस ऑक्टोबर 2020 च्या वादसभेत म्हणाल्या. सत्ता बदलली आणि बाजूही उलटल्या. ऑगस्ट 2021 मध्ये अलाबामातल्या कलमन इथे ट्रम्पनी ‘लस घ्या’ म्हटलं, तर त्यांच्याच सभेत काहींनी हुर्यो उडवली! म्हणजे निष्ठा नुसती माणसाशी नसते, आपल्या कळपाशी असते. भूमिका एकदा पक्की झाली की नेत्यालाही ती सहज फिरवता येत नाही.

याची किंमत जिवाने मोजली गेली. ओहायो आणि फ्लोरिडातल्या एका अभ्यासात रिपब्लिकन मतदारांमधले जादा मृत्यू (एरवी अपेक्षित असतात त्याहून जास्त झालेले) लस सर्वांना खुली झाल्यानंतर डेमोक्रॅट्सपेक्षा बरेच वाढलेले आढळले.