आठवीची पोरं वहीत काहीच लिहीत नाहीत, काय करू?

मॅडम, निम्मा वर्ग कोरी वही देतो आणि उरलेला 'माझा आवडता ऋतू' गाइडातून उतरवतो, असं तुम्ही लिहिलंय. बावीस वर्षं सोलापुरात मराठी शिकवतेय, त्यातली बरीचशी पूर्व भागात. तेव्हा अनुभवाचं सांगते.

ही पोरं आळशी आहेत हे आधी डोक्यातून काढा. तुमच्या वर्गात घरी तेलुगू बोलणारे किती, कन्नड किती, उर्दू किती, हे एकदा विचारून बघा. मैदानावर तोंडाचा पट्टा चालू असतो आणि वही उघडली की गप्प. कारण लिहिलेलं प्रत्येक वाक्य आपण लाल करून परत देतो. चूक नको म्हणून पोरगं लिहितच नाही. हिशेब त्याचा बरोबरच आहे की!

माझ्याकडे एक मुलगा होता, घरात दोन यंत्रमाग. जूनपासून दिवाळीपर्यंत त्यानं फक्त तारीख लिहिली. एकदा त्याच्या बाकाशी बसून विचारलं, लाइट गेली की घरी काय होतं? तेलुगूत सांगायला लागला, "करेंट पोयिंदी" वगैरे. म्हटलं, अस्संच लिही, शब्द अडला तर तेलुगू घाल. त्यानं लिहिलं : 'लाइट गेली. मग्गम थांबला. नायना बोलले ते पहिल्यांदा ऐकू आलं.' तीन वाक्यं. मागाच्या खडखडाटात बापाचा आवाज पोचत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मग्गम म्हणजे माग. तो शब्द मी खोडला नाही. पुढच्या आठवड्यात त्यानंच विचारलं, मराठीत काय लिहू?

तेव्हापासून विषय चिमूटभर देते. 'गड्ड्याची जत्रा', म्हणजे आमची सिद्धेश्वराची यात्रा, म्हटलं की सगळे मिरवणुकीतल्या नंदीध्वजापासून सुरू करून माहितीपत्रक लिहितात. 'जत्रेत काय मागितलं आणि मिळालं नाही' म्हटलं की पेन थांबत नाही. आधी शेजाऱ्याला सांगायचं, मग पाच मिनिटं लिहायचं. त्या वेळी मीही फळ्याकडे पाठ करून माझ्या वहीत लिहिते, आणि माझं रद्दड झालेलं वाचूनही दाखवते. या वहीला गुण नाहीत, लाल पेन नाही. समासात एखादा प्रश्न तेवढा लिहायचा. शुद्धलेखन आठवड्यातून एक तास, तेही एकच गोष्ट धरून.

एक चूक मात्र माझ्या हातून झालीय. आईबरोबर बिड्या वळत बसणाऱ्या मुलीचं लिखाण छान वाटलं म्हणून मी तिला न विचारता वर्गात वाचलं. पुढे महिनाभर तिची वही कोरी. आता पानाच्या कोपऱ्यात फुली असेल तर ते पान फक्त माझं.

मुख्याध्यापक 'पोर्शन'चं विचारतील. दहावीच्या मराठीत लेखी 80 पैकी 24 गुण उपयोजित लेखनाचे, म्हणजे पत्र, बातमी, कथा असं स्वतः लिहिण्याचे आहेत, हे त्यांना ऐकवा.

राहिले गाइडवाले. त्यांना रागावू नका. म्हणावं, उतरव, पण गाइडात नसलेलं एक वाक्य मध्ये घाल. मला 'पावसाळा' निबंधात असं पहिलं वाक्य मिळालं ते हे : 'पावसात रंगवलेलं सूत वाळत नाही, म्हणून मामाला कामावर बोलवत नाहीत.'